टपालातले दिवस कुणाच्या खात्यावर?

आयकराचं विवरणपत्र ऑनलाइन भरलं, मोबाइलवर ओटीपी आला, तो टाकला, की पडताळणी होते. बहुतेकांपुरता विषय इथेच संपतो. पण ज्यांचा आधारला जोडलेला जुना नंबर कधीच बंद पडलाय, किंवा ज्यांना स्क्रीनवरच्या हिरव्या खुणेपेक्षा स्वतःच्या सहीवर जास्त भरवसा आहे, त्यांच्यासाठी टपालाची वाट अजून उघडी आहे. आयटीआर-व्ही हा एका पानाचा कागद छापायचा, निळ्या शाईने सही करायची, बारकोड चुरगळू द्यायचा नाही आणि बेंगळुरू ५६०५०० या पत्त्यावर धाडून द्यायचा. यासाठी पूर्वी १२० दिवस मिळत. १ ऑगस्ट २०२२पासून ३० मिळतात.

पोस्टाच्या खिडकीशी असंच पाकीट घेऊन उभे असलेले एक वयस्कर गृहस्थ पाहिले. घडी पडू नये म्हणून त्यांनी आत पुठ्ठा घातला होता.

"कधी पोचेल हो हे?"

"चार दिवस धरा, काका. पावसापाण्याचं एखादा दिवस इकडंतिकडं."

"पण नक्की?"

खिडकीतल्या बाईंनी काही न बोलता पावती पुढे सरकवली. चष्मा कपाळावर चढवून काकांनी ती डोळ्यांजवळ धरली, तारीख-वेळ वाचली आणि खिशातल्या पैशांच्या पाकिटात ठेवली. त्यांच्या दृष्टीने काम झालं होतं.

नियमाच्या दृष्टीने मात्र ते झालेलं नव्हतं. २०२२च्या नियमात स्पीड पोस्ट केल्याची तारीख धरली जाई. ३१ मार्च २०२४च्या अधिसूचनेनंतर कागद बेंगळुरूला हाती पडल्याची तारीख धरतात. ३० दिवस उलटून तो पोचला, तर विवरणपत्र त्या दिवशी भरलं असं मानलं जातं. म्हणजे जुलैत वेळेवर भरणारा माणूस कागदोपत्री उशीर करणारा ठरतो आणि विलंब शुल्क ५,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतं. उशीर माफ करा असा अर्ज करता येतो, पण मग न केलेल्या चुकीची माफी मागायची.

तारीख पाठवल्याची धरायची की पोचल्याची, हा पेच फार जुना आहे. इंग्लंडमध्ये १८१७ साली लोकरीच्या एका व्यवहारात देकार देणाऱ्याने पत्ताच चुकीचा घातला. पत्र उशिरा पोचलं. समोरच्याने त्याच संध्याकाळी होकार टपालात टाकला, पण तो पोचायच्या आदल्या दिवशी लोकर दुसऱ्याला विकली गेली होती. न्यायालयाने १८१८मध्ये निकाल दिला की होकार टपालात पडला तेव्हाच करार झाला. आपल्या १८७२च्या करार कायद्यातही देकार देणारा याच क्षणी बांधला जातो. अमेरिकेत करविवरणपत्राला टपालाच्या शिक्क्याची तारीख चालते. तिथे शिकणारी आपली मुलं उत्पन्न नसतानाही ८८४३ क्रमांकाचा फॉर्म कागदावर भरून टेक्सासला पाठवतात. मुदतीच्या आत शिक्का बसला की ती मोकळी.

आणि आपलं सरकार स्वतः पत्र पाठवतं तेव्हा? १८९७च्या सर्वसाधारण परिभाषा कायद्याचं २७वं कलम सांगतं, की बरोबर पत्ता घालून, टपालखर्च भरून रजिस्टर केलेलं पत्र नेहमीच्या वेळात पोचलं असंच धरावं. नाही मिळालं, हे सिद्ध करायचं ओझं तुमचं. सरकारचं पत्र टपालात पडलं की पोचल्यात जमा, तुमचं मात्र पोचेपर्यंत पाठवलेलंच नाही. तराजू कुणीकडे कललाय, हे सांगायला वकील लागत नाही.

आयकर खात्याची बाजूही आहे. ३० दिवस कमी नाहीत, शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबायला कुणी सांगितलंय? शिवाय पावतीवरून पाकीट गेल्याचं कळतं, आत काय होतं ते कळत नाही. कोरा कागद पाठवून वर पावती नाचवणारे महाभाग आपल्यात आहेतच. "मी पाठवलं होतं की" हे वाक्य किती ठिकाणी ढाल म्हणून वापरलं जातं, ते कुठल्याही कचेरीत बसणाऱ्याला विचारा. पण चार लबाडांसाठी सगळ्या टपालावरचा विश्वास काढून घ्यायचा, हा न्याय मला पटत नाही. लबाडाला पकडायला तो कोरा कागद पुरेसा आहे. ज्याच्या हातात पावतीशिवाय काहीच नाही, त्याला मात्र हा नियम टपालगाडीच्या मर्जीवर सोडतो. गाडी ना त्याच्या ताब्यात, ना टपालखातं. ते तर सरकारचंच.

आणि ३० दिवस तरी सगळ्यांना सारखे कुठे मिळतात? बेंगळुरूतल्या माणसाने २८व्या दिवशी पाकीट टाकलं तरी ते बहुधा वेळेत पोचेल. दुर्गम भामरागडच्या निवृत्त शिक्षकाला त्याच्या कितीतरी आधी पोस्ट गाठावं लागेल, आणि त्यात पावसाळ्यात नदीला पूर आला की रस्ताच बंद. विवरणपत्रं भरायची मुदत येते तीही नेमकी पावसाळ्यातच.