उसनें आणि आपलें

ज्याला लिहावेंसें वाटतें त्यानें वाचावें किती, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ अभ्यासाच्या पद्धतीचा दिसतो. परंतु थोडें खोल गेलें असतां तो नीतीचा प्रश्न आहे असें आढळून येईल. वाचलेल्यांतलें किती आपलें म्हणून लोकांपुढें ठेवावें, आणि जें खरोखर आपलें तें झांकून दुसऱ्याचें मिरवावें काय, येथें प्रामाणिकपणाचीच कसोटी लागते. कांहीं वर्षांपूर्वीं हा प्रश्न माझ्यापुढें अशा रीतीनें उभा राहिला कीं, त्याचें उत्तर शोधल्यावांचून मला सुटका उरली नाहीं.

महाविद्यालयांतील कथास्पर्धेचा मी परीक्षक होतों. एका विद्यार्थ्याच्या गोष्टीस मीं पहिलें बक्षीस दिलें. भाषा स्वच्छ, वाक्यें डौलदार. गोष्टींतला वृद्ध गृहस्थ भिंतींतल्या शेकोटीपाशीं बसून खिडकीबाहेर पडणारें बर्फ पाहत आहे, आणि शेजारच्या खोलींत कोणी पियानो वाजवीत आहे. समारंभांत त्या मुलानें ती गोष्ट वाचून दाखविली. तो आटोपल्यावर त्याची आई संकोचानें माझ्याकडे आली. ती मंडईंत भाजी विकते, हें मला मागाहून कळलें. “सर, पोरानं वाचलं ते चांगलंच असंल, पण त्यातलं ते घर कुणाचं हो?” असें तिनें विचारलें. मीं कांहींतरी बोलून वेळ मारून नेली. खरें उत्तर हें होतें कीं, तें घर कोणाचेंच नव्हतें. त्या मुलानें बर्फ पडतांना कधीं पाहिलें नव्हतें. मीं तरी कोठें पाहिलें होतें? परंतु पुस्तकांतून तें आम्हां दोघांच्याहि इतकें परिचयाचें झालें होतें कीं, तें खरें आहे कीं नाहीं हें विचारण्याचें आम्हांस सुचलें नाहीं.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील कीं, लेखकानें वाचूंच नये. न वाचल्यानेंच त्याचें स्वत्व शाबूत राहील. होतकरू लेखकांत हें मत लोकप्रिय आहे, आणि आळसालाहि तें सोयीचें आहे. परंतु आपल्या वाङ्मयाचा इतिहास त्याविरुद्ध साक्ष देतो. तुकोबांनीं पूर्वींच्या संतांचीं वचनें पाठ केलीं होतीं, आणि तसें त्यांनीं स्वतःच सांगून ठेविलें आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ सालीं ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हां त्यांच्या मनावर जॉन्सन व मेकॉले यांचा ठसा होता. म्हणून मालेंतील आवेश उसना ठरत नाहीं. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती, हें खरें. त्या १९५१ सालीं वारल्या, व त्यांच्या कविता पुस्तकरूपानें त्यानंतर निघाल्या. परंतु जात्यावरच्या ओव्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची संपत्ति त्यांच्या कानीं होतीच. डोळ्यांनीं वाचणें हा वाचनाचा एक प्रकार, कानांनीं वाचणें हा दुसरा.

हरिभाऊ आपट्यांचें उदाहरण याहून अधिक बोधप्रद आहे. १८८५ सालच्या ‘मधली स्थिति’ या त्यांच्या पहिल्या कादंबरीवर रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराची छाया आहे. पुढें १८९० सालीं ‘करमणूक’ पत्रांतून ‘पण लक्षांत कोण घेतो’ क्रमशः येऊं लागली. तींत यमू आपली हकीगत स्वतःच्या तोंडानें सांगते. तिचें बालपण, तिचा संसार, तिचें वैधव्य, तिचें केशवपन. मधल्या काळांत हरिभाऊंनीं वाचन सोडलें होतें, असें नव्हे. कादंबरी हा प्रकार इंग्रजीकडून आलेला. तो त्यांनीं तसाच ठेविला. परंतु आतां त्यांची दृष्टि आपल्याच समाजाच्या माजघरांतील अंधारापर्यंत पोंचली होती.

माझ्या लहानपणीं घरांतलें दहीं संपलें कीं शेजारून विरजण आणीत. त्यांत कोणी कमीपणा मानीत नसे. चमचाभर दहीं शेजाऱ्याचें. परंतु दूध मात्र आपणच तापवावें लागे, आणि सकाळीं जें दहीं लागे तें निःशंक आपलें असे. वाचनाचेंहि असेंच आहे. विरजण घेण्याची ज्याला लाज वाटते, त्याचें दूध नासून जाईल. आणि ज्यानें दूध तापविलेंच नाहीं, पण शेजाऱ्याचें दहीं आपल्या वाटींत काढून पाहुण्यांस वाढलें, त्यानें पाहुण्यांना फसविलें.

मग त्या मुलानें फसविलें काय? या प्रश्नाशीं मी अडखळतों. त्याच्या घरीं दूध नव्हतें असें नाहीं. तें कोणापुढें ठेवण्याच्या योग्यतेचें आहे असें त्याला कोणी सांगितलें नव्हतें. उलट, ज्या भाषेंत आमच्या वाचनाचे प्रतिध्वनि ऐकूं येतात तिलाच आम्ही शिक्षक सुंदर म्हणतों, आणि गुणहि तिलाच देतों. त्या रात्रीं मीं खणांतून माझ्या तरुणपणच्या निबंधांच्या वह्या बाहेर काढल्या. प्रत्येक पानावर कोणाचा ना कोणाचा आवाज ओळखूं येत होता; माझा मात्र शोधावा लागत होता.

पुढें त्या विद्यार्थ्याला बोलावून मीं त्याच्या आईचा प्रश्न त्याला सांगितला, आणि बक्षीस देण्यांत चूक माझी झाली हेंहि सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं. दोन महिन्यांनीं त्यानें चार पानें आणून दिलीं. पहाटे चार वाजतां दिव्याखालीं कोथिंबिरीच्या जुड्या सोडून, सडक्या काड्या वेंचून, पुन्हां जुड्या बांधणारी आई. आणि पांघरुणांतून तें पाहत पडलेला, झोपेचें सोंग घेतलेला मुलगा. सोंग एवढ्यासाठीं, कीं उठलें तर हात लावावा लागेल. वाक्यें ओबडधोबड होतीं, शुद्धलेखन सदोष होतें. संवयीनें मीं तांबडी पेन्सिल हातीं घेतली होती. ती खालीं ठेवून मीं तीं पानें पुन्हां पहिल्यापासून वाचावयास घेतलीं.