‘लेझरनं करा, डॉक्टर!’

आमच्या आजीचा चष्मा म्हणजे घरातल्या पोरांचं खेळणं होतं. काचा इतक्या जाड, की उन्हात धरल्या तर वर्तमानपत्राचा कोपरा जळायचा. तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं तालुक्याच्या शाळेत भरलेल्या शिबिरात झाली होती. बाकं भिंतीला लावून खाटा मांडल्या होत्या, असं ती सांगायची. त्या काळी डोळ्यातलं गढूळलेलं भिंग काढून टाकत आणि आत काहीच बसवत नसत. भिंगाचं काम पुढं आयुष्यभर नाकावरच्या चष्म्यानं करायचं. त्या चष्म्यातून तिला प्रत्येक वस्तू पावपट मोठी दिसे, म्हणून जवळ भासे. चहाचा कप घ्यायला ती हात पुढं करी आणि तिची मूठ कपाच्या अलीकडेच मिटे. बाजूनं चालत येणारा माणूस तिला येताना दिसतच नसे, तो एकदम समोर उगवे. पायरी उतरण्याआधी ती एक पाय हवेत चाचपडत ठेवी. शिबिराच्या वहीत मात्र तिच्या नावापुढं ऑपरेशन यशस्वी झाल्याचीच नोंद असणार. टाके सुटले होते, चष्मा मिळाला होता, आकड्यात एकाची भर पडली होती.

ही वही मला परवा आठवली ती मामांमुळे. मामा चौऱ्याहत्तर वर्षांचे. शिलाईचं दुकान मुलाकडे सोपवलंय आणि आता रोज सकाळी पोथी वाचायची, एवढाच त्यांचा नेम. अक्षरं पुसट व्हायला लागली तेव्हा त्यांना घेऊन एका खासगी नेत्र रुग्णालयात गेलो. तपासणी झाल्यावर आम्हाला एका टेबलापाशी बसवलं. समोर प्लास्टिकच्या आवरणातला दरपत्रकाचा कागद, त्यावर तीन रकाने : साधं, फोल्डेबल (म्हणजे दुमडणारं भिंग), प्रीमियम. समजावून सांगणाऱ्या ताई हसतमुख होत्या. त्यांचा पहिला प्रश्न होता, “मेडिक्लेम आहे ना?” मामांना त्यातलं फारसं काही कळलं नव्हतं, पण आपली मागणी त्यांना पक्की ठाऊक होती. म्हणाले, “लेझरनं करा, डॉक्टर. टाकेबिके नकोत.” त्या डॉक्टर नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं नाही आणि ताईंनीही ते दुरुस्त केलं नाही. “फेको करू ना काका, बिनटाक्याचं,” एवढंच त्या म्हणाल्या.

या दोन वाक्यांमध्ये वैद्यकीय तंत्रज्ञानाच्या बाजाराची बरीचशी गोष्ट आली. एक तर फेको म्हणजे लेझर नव्हे. अमेरिकन नेत्रतज्ज्ञ चार्ल्स केलमन दंतवैद्याच्या खुर्चीत बसले असताना दात साफ करणारी श्राव्यातीत लहरींची कांडी पाहून त्यांना ही कल्पना सुचली आणि १९६७ साली त्यांनी ती प्रत्यक्षात आणली. ध्वनीच्या कंपनांनी गढूळ भिंगाचा चुरा करायचा आणि जेमतेम तीन मिलिमीटरच्या छेदातून तो ओढून घ्यायचा. दुसरं म्हणजे, यंत्राशिवाय हातानं केलेलं ऑपरेशनही बिनटाक्याचं असू शकतं. डोळ्याच्या पांढऱ्या भागात तिरका बोगदा पाडून त्यातून भिंग अखंडच बाहेर काढतात. छेद सहा-साडेसहा मिलिमीटरचा असतो, पण बोगद्याची ठेवण अशी, की डोळ्याच्या आतल्या दाबानंच त्याचं तोंड मिटतं. मामांना हवं होतं ते त्या कागदावरच्या सगळ्यात स्वस्त रकान्यातही मिळालं असतं. त्यांनी मागितला होता एक शब्द, आणि त्या शब्दाला दर होता.

नव्या यंत्राची ओढ काही वेडगळ नसते, हेही कबूल केलं पाहिजे. आजीच्या डोळ्यात भिंग बसलं नाही याचं कारण तंत्रज्ञान नव्हतं असं नाही. लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ सालीच डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं होतं. युद्धात जखमी झालेल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या ॲक्रिलिकच्या कपच्या घुसल्या, तरी डोळा त्यांच्यावर उठत नाही, हे त्यांनी हेरलं होतं. पुढची कित्येक वर्षं त्यांच्या व्यवसायबंधूंनीच त्यांना विरोध केला. आपल्याकडे ते भिंग परदेशातून येई आणि गरिबाला परवडत नसे. १९९४पासून जागतिक बँकेच्या मदतीनं महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प राबवला गेला, आणि शाळेतल्या खाटांवरून रुग्णालयातल्या टेबलावर, जाड चष्म्याकडून आतल्या भिंगाकडे वळण्याला त्यानं वेग दिला. म्हणजे नव्याला नाही म्हणण्यातही माणसांची नजर जाते. प्रश्न आहे तो कुठल्या नव्याला हो म्हणायचं, आणि ते कशावरून ठरवायचं.

स्कॉटिश डॉक्टर आर्ची कॉक्रन यांनी १९७२ साली एक लहानसं पुस्तक लिहिलं. त्याच्या नावातच परिणामकारकता आणि कार्यक्षमता असे दोन शब्द शेजारी ठेवलेले आहेत, आणि त्यांचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. उपचारानं गुण येतो का, हे आधी पाहायचं. तो कमीत कमी पैशात, वेळेत, माणसांत कसा पोचवायचा, हे त्यानंतर. आपण बहुधा उलट्या क्रमानं जातो. ज्याचा उपयोगच सिद्ध झालेला नाही ते झपाट्यानं करण्यात कसली आली कार्यक्षमता? पैसे फक्त लवकर संपतात.

मोतीबिंदूच्या बाबतीत हा क्रम पाळून पाहिला गेला आहे, आणि तोही आपल्या पुण्यात. एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ४०० रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली : निम्म्यांना यंत्राचं फेको, निम्म्यांना हाताचं ऑपरेशन. सहा आठवड्यांचे निकाल २००५ साली प्रसिद्ध झाले. चष्म्याशिवाय पाहिलं तर फेकोवाले थोडे पुढं होते. मोठ्या छेदानं डोळ्याच्या समोरच्या भागाची गोलाई किंचित बदलते आणि सिलिंड्रिकल नंबर येतो, हे त्याचं कारण. योग्य नंबरचा चष्मा लावल्यावर दोन्ही गट सारखेच. त्याच डॉक्टरांनी पुढं रुग्णालयाच्या खर्चाचाही हिशेब मांडला, तेव्हा फेकोचा खर्च हाताच्या ऑपरेशनच्या दुपटीहून अधिक निघाला. नेपाळमध्ये अशीच तुलना झाली. तिथं हाताच्या ऑपरेशनला सरासरी ९ मिनिटं लागली, यंत्राच्या ऑपरेशनला साडेपंधरा. सहा महिन्यांनंतरची नजर दोन्हीकडे जवळपास तीच.

२०१७ साली केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागानं औषधं, यंत्रं आणि उपचार यांचं मूल्यमापन करण्यासाठी वेगळी व्यवस्था उभी केली. तिनं सुरुवातीला हाती घेतलेल्या विषयांत मोतीबिंदूचं भिंग होतं. निष्कर्ष पुण्याच्या हिशेबाशी जुळणारा निघाला : सार्वजनिक खर्चासाठी हाताचं ऑपरेशन आणि न दुमडणारं साधं भिंग हाच पर्याय सर्वांत रास्त. आणि मामांनी मागितलेलं लेझर? तेही आता खरोखर आलं आहे. फ्रान्समधल्या पाच विद्यापीठ रुग्णालयांत सुमारे नऊशे रुग्णांवर त्याची फेकोशी तुलना झाली. २०२० साली निकाल आला : फायदा अधिक नाही, खर्च मात्र अधिक.

इथं एखादा नेत्रतज्ज्ञ मला अडवेल, आणि त्याचं म्हणणं खरं असेल. ज्याला परवा गाडी चालवायची आहे, ज्याला चष्मा नकोच आहे, त्याच्यासाठी फेकोचा लहान छेद हा खरा फायदा आहे, निव्वळ जाहिरात नव्हे. पुण्याच्या अभ्यासातही चष्म्याशिवायची नजर फेकोकडेच झुकली होती, आणि खेड्यातल्या ज्या बाईला ऑपरेशननंतर चष्मा करून द्यायला कोणी येणारच नाही, तिच्यासाठी ‘चष्म्याशिवाय’ हा शब्द शहरातल्या माणसासाठी असतो त्याहून मोलाचा आहे. उलट जिथं वीज जाते, यंत्र बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस चार दिवसांनी येतो आणि मोतीबिंदू पिकून दगडासारखे कडक झालेले असतात, तिथं हातात कसब असलेला सर्जनच बरा. एकच यंत्र एका गावात उपकारक आणि दुसऱ्या गावात झाकून ठेवायची वस्तू होऊ शकतं. मूल्यमापनानं ‘चांगलं की वाईट’ असा शिक्का मिळत नाही. कोणासाठी, कुठं, आणि त्याच पैशात दुसऱ्या कोणाचं काय राहून गेलं, एवढंच ते विचारायला लावतं. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, कारण जो राहून गेला तो टेबलापाशी बसलेला नसतो.

आता कार्यक्षमतेकडे येऊ. हा शब्द ऐकला की रुग्णालयात घाई होणार, डॉक्टर नीट बघणार नाहीत, अशी भीती वाटते. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाची गोष्ट या भीतीला उत्तर देईल अशी आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि १९७६ साली त्यांनी ११ खाटांचं रुग्णालय काढलं. संधिवातानं त्यांची बोटं वाकडी झालेली होती. तिथल्या ऑपरेशन थिएटरमध्ये एका सर्जनसाठी दोन टेबलं असतात. एकावर ऑपरेशन चालू असताना दुसऱ्यावरच्या रुग्णाची सगळी तयारी झालेली असते. पहिलं संपलं की सूक्ष्मदर्शक वळवायचा आणि दुसरं सुरू. तयारी, तपासणी, मलमपट्टी, समजावून सांगणं, ही सगळी कामं खेड्यांतून आलेल्या, तिथंच प्रशिक्षण घेतलेल्या मुली करतात. १९९२ साली ‘अरोलॅब’ सुरू करून त्यांनी भिंगही स्वतः बनवायला घेतलं, आणि त्याची किंमत परदेशी भिंगाच्या एका लहानशा अंशावर आणली.

यात सर्जनचा हात भरभर चालत नाही. एका डोळ्याला जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागतो. नाहीशी झाली आहेत ती मधली रिकामी मिनिटं. एरवी थिएटरमध्ये ती कुठं जातात ते आठवून पाहा. स्ट्रेचर आलेला नसतो, थेंब घालायचे राहिलेले असतात, केसपेपरवर कोणाची तरी सही नसते, वॉर्डबॉय जेवायला गेलेला असतो. रुग्णालयातला सगळ्यात महाग वेळ हा असा वाट बघण्यात सांडतो आणि त्याची पावती कोणालाच मिळत नाही. अरविंदनं फक्त वाट बघण्याची पाळी बदलली, आणि ते करायला कुठलंही नवं यंत्र लागलं नाही, जास्तीचं एक टेबल लागलं.

मात्र दोन टेबलं शेजारी ठेवली की जंतुसंसर्गाचं काय, हा प्रश्न रास्त आहे. नेत्रशिबिरांत संसर्गानं डोळे गमावल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी ठिकाणी आकड्याची घाई हेच मूळ असतं. अरविंदनं याचं उत्तर मोजण्यातून दिलं. ऑपरेशनच्या शेवटी डोळ्याच्या आत मॉक्सिफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचा अल्पसा डोस सोडायला त्यांनी सुरुवात केली, आणि सुमारे सहा लाख ऑपरेशनांची नोंद तपासली. गंभीर संसर्गाचं प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आलं होतं. दहा हजारांत सातच्या जागी दोन. हा फरक लहान रुग्णालयाला उभ्या आयुष्यात दिसला नसता. इतकी ऑपरेशनं झाली आणि प्रत्येकाची नोंद ठेवली गेली म्हणून तो दिसला. शिबिराच्या वहीतही मोजणीच होती. ती किती ऑपरेशनं झाली हे मोजायची आणि ऑपरेशन झालं की मिटायची. इथली वही तो माणूस घरी गेल्यावरही उघडी होती.

माझ्या मते सगळं इथं येऊन ठेपतं. यंत्राचं मोल असो की रुग्णालयाचा वेग, आपण वही कुठल्या क्षणी मिटतो यावर उत्तर ठरतं. खरेदीच्या दिवशी मिटली तर प्रत्येक यंत्र यशस्वी ठरतं, कारण फीत कापलेली असते. ऑपरेशनच्या दिवशी मिटली तर माझी आजी यशस्वी. ती वही तिच्या चहाच्या कपापर्यंत कोणी नेली असती, तर हात अलीकडेच मिटतोय हे दिसलं असतं.

मामांच्या बाबतीत आम्ही ‘फोल्डेबल’ घेतलं. बिल मोठं झालं, ऑपरेशन उत्तम झालं, त्याबद्दल तक्रार नाही. चौथ्या दिवशी त्यांनी पोथी उघडली आणि घाबरून मला फोन केला : “लांबचं कॅलेंडर लख्ख दिसतंय रे, पण ओवी दिसत नाही.” बसवलेलं भिंग लांबच्या नजरेसाठी होतं. साधं असो वा फोल्डेबल, असं भिंग बसवल्यावर जवळचं वाचायला चष्मा लागतोच. त्या टेबलापाशी तीन रकाने समजावून सांगताना हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. मेडिक्लेमच्या आधी विचारायचा प्रश्न एवढाच होता : काका, तुम्हाला कशासाठी बघायचंय?

महिन्याभरानं नंबर स्थिरावल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातून वाचायचा चष्मा आणला. काच पातळ, काडी साधी, किंमत त्या बिलाच्या शेवटच्या ओळीतही मावली असती. मामा आता त्यातूनच वाचतात. विचारलं की सांगतात, “लेझरनं केलंय.”