‘मुलांना हे कशाला?’

ऑक्टोबर २०२५ मध्ये इलॉन मस्क यांनी नेटफ्लिक्सची वर्गणी बंद करण्याचे जाहीर आवाहन केले. निमित्त ‘डेड एंड : पॅरानॉर्मल पार्क’ या कार्टून मालिकेचे होते. तिचा नायक बार्नी हा पारलिंगी मुलगा आहे. मालिका २०२३ सालीच गुंडाळली गेली होती, तरी वाद पेटला आणि त्याची धग आमच्या अहिल्यानगरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत पोहोचली. ज्यांनी त्या मालिकेचे नावही ऐकले नव्हते, तेही मुले बिघडण्याच्या चिंतेत पडले. इथल्याच एका विद्वान स्नेह्यांनी चारचौघांत निकाल देऊन टाकला, ‘मोठ्यांनी काय हवे ते करावे, मुलांना हे कशाला?’ प्रश्न सभ्य आहे, म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे.

या प्रश्नामागे एक समजूत आहे. मुलांना यातले काही ठाऊक नसते आणि कार्टूनने सांगितले नाही तर ती निरागस राहतील, अशी. पाथर्डीची असो की अकोल्याची, कोणत्याही शाळेच्या मैदानावर मधल्या सुट्टीत अर्धा तास उभे राहा. एखादा मुलगा मुलींबरोबर लंगडी खेळायला गेला, स्नेहसंमेलनात मनापासून नाचला किंवा नुसता रडला, की ‘बायल्या’ ही हाक येते. हाक मारणारा आठ-नऊ वर्षांचा असतो. त्याला हे कोणी शिकवले? आपणच. जामखेडच्या फडापासून मराठी पडद्यापर्यंत ‘नाच्या’ आला की हसायचे, हे त्याने मोठ्यांच्या मांडीवर बसून पाहिलेले असते. अभिनेते गणपत पाटलांनी नाच्या हुबेहूब उभा केला आणि त्याची किंमत त्यांना घरादारासह खऱ्या आयुष्यात मोजावी लागली. तेव्हा मुलांना ‘हे’ आपण रोज शिकवतोच. फक्त हेटाळणी तेवढी शिकवतो.

इथे मला र. धों. कर्वे आठवतात आणि त्यांच्यापाशी थोडे थांबायचे आहे. १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक जवळजवळ एकहाती चालवले. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. त्या प्रश्नांत हस्तमैथुनाचे प्रश्न होते, तसे समलिंगी संबंधांचेही होते. वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. कर्व्यांच्या बाजूने उभे राहून टाळ्या मिळण्याचा तो काळ नव्हता. बाबासाहेबांच्या मांडणीचा गाभा असा, की लैंगिक विषयावर लिहिले एवढ्याने ते अश्लील ठरत नाही आणि लोक अडचणीत सापडून प्रश्न विचारत असतील तर जाणत्याने उत्तर दिलेच पाहिजे. निकाल विरोधात गेला, कर्व्यांना दंड झाला. युक्तिवाद मात्र आजही कोणाला खोडता आलेला नाही.

त्या युक्तिवादाचे बळ कशात आहे? प्रश्न उत्तराच्या आधी जन्मलेला असतो, या साध्या निरीक्षणात. कर्व्यांनी वाचकांच्या मनात काही पेरले नव्हते. वाचक आधीच तळमळत होते, कर्व्यांनी त्यांना एकटे सोडले नाही. आपण इतरांसारखे नाही, ही जाणीव पुष्कळांना शाळेच्या वयातच होते. तेव्हा त्या मुलाच्या हाती काय असते? मैदानावरची हाक आणि घरातले मौन.

घरातल्या मौनाची बाजू आता मोठ्या कंपन्याही घेतात. पिक्सारच्या ‘विन ऑर लूज’ मालिकेतले पारलिंगी मुलीचे उपकथानक डिस्नेने २०२४ च्या डिसेंबरात काढून टाकले. कारण दिले की, काही विषय मुलांशी आपल्या पद्धतीने आणि आपल्या वेळेला बोलावेत, असे पुष्कळ पालकांना वाटते. पालकांचा हक्क मला मान्य आहे. पण ती वेळ आपल्या घरांत येते कधी? बहुतेक घरांत ती थेट लग्नाचा विषय निघाल्यावर येते आणि तोवर एका माणसाचे तारुण्य लपण्यात सरलेले असते. आईबापांकडेही शब्द नसतात, कारण त्यांनाही कोणी दिले नाहीत. चांगली मालिका पालकांचा हक्क हिरावत नाही, ती त्यांना विषय काढायला निमित्त देते.

ती हे कसे करते, याचा एक नमुना पाहा. ‘आर्थर’ या अमेरिकी मालिकेचा मे २०१९ मधला एक भाग. वर्गशिक्षक रॅटबर्न यांचे लग्न ठरते. एक करडी बाई त्यांची नवरी होणार आणि सरांचा जाच वाढणार, असे वाटून मुले हवालदिल होतात. लग्नाच्या दिवशी कळते, की ती बाई सरांची बहीण आहे. सर येतात ते पॅट्रिक नावाच्या चॉकलेटवाल्याच्या हातात हात घालून. मुले क्षणभर चकित होतात, मग खूश होतात. त्यांना खरा धक्का बसतो तो सर नाचू लागतात तेव्हा. शिक्षकांनी आणि नाचायचे! या भागात शरीराचा उल्लेख नाही, उपदेश नाही. सर सुखी आहेत, एवढेच मुलांना समजते. अलाबामाच्या सार्वजनिक वाहिनीने तेवढेही दाखवायला नकार दिला.

आता आपल्याकडचे काही जण म्हणतील, हे परकीय कशाला, आपल्या परंपरेत सगळे होतेच. नेवाशाला मोहिनीराजांचे देऊळ आहे. विष्णूने स्त्रीरूप घेऊन अमृत वाटले, राहूचे शिर उडाले ते राहुरीला पडले, ही कथा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत आजी नातवंडांना सांगते. ती ऐकून कोणतेही मूल बिघडल्याचे कोणी सांगितलेले नाही, एवढा तिचा उपयोग मी जरूर करीन. त्यापुढे जाणार नाही. मोहिनी ही देवाची लीला आहे आणि तिला हात जोडणारे आपणच वर्गातल्या हळव्या मुलाला हसतो. माणसाचे हक्क पुराणावर टांगू नयेत. ते संविधानात आहेत आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंध गुन्हा नाही असा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ते निःसंदिग्धपणे सांगितले आहेत.

इथवर आल्यावर मला माझी मागणी थोडी बदलावीशी वाटते. कार्टूनमध्ये समलिंगी पात्रे हवीत, हे मी म्हणतोच. पण त्यांची नुसती शिरगणती पुरेशी नाही. त्याआधी हळवेपणाला मान हवा. आपली मुले ‘डोरेमॉन’मधल्या ज्या नोबितावर जीव टाकतात, त्याच्याकडे पाहा. तो रडका आहे, जियानचा मार खातो आणि दोऱ्याचा खेळ बोटांवर सुरेख खेळतो. त्याचे मित्र तो मुलींचा खेळ म्हणून त्याला हसतात. तरी पाहणारे मूल नोबिताच्याच बाजूने असते. म्हणजे मुलांची मने तयार आहेत, अडतो आपण. रेबेका शुगर यांच्या ‘स्टीव्हन युनिव्हर्स’मध्ये जुलै २०१८ मध्ये रूबी आणि सफायर या दोन स्त्रीरूपी पात्रांचे लग्न लागले. ते मुलांच्या मनाला भिडले, कारण त्याआधी कित्येक भाग त्या मालिकेने एका मुलाला मोकळेपणी रडू दिले होते.

मराठीत हे होऊ शकते. रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटाला २०२५ साली सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागाचे परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्यातली आई आपल्या समलिंगी मुलाला ओळखून आहे आणि नातेवाइकांपुढे त्याची पाठराखण करते. मोठ्यांसाठी अशी आई लिहिता येते, तर मुलांसाठी का नाही?

म्हणून माझे सांगणे तिघांना आहे. मालिका लिहिणाऱ्यांनी आणि मराठीत त्यांचे संवाद करणाऱ्यांनी साडी नेसलेल्या पुरुषावरचा फुकटचा विनोद आजच थांबवावा. पारलिंगी मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयी शिक्षकांसाठी तयार केलेली पुस्तिका एनसीईआरटीने २०२१ साली तक्रार येताच संकेतस्थळावरून काढली. तशी पुस्तिका शिक्षण खात्याने प्रत्येक शाळेत मराठीतून पोहोचवली पाहिजे. आणि पालकहो, तुमच्या मुलाच्या तोंडून ‘बायल्या’ हा शब्द येईल त्या दिवशी टीव्ही बंद करा, त्याला जवळ बसवा आणि बोला. मुलांना हे कशाला, असे पुन्हा विचारू नका. त्यांच्यातल्या काहींचे आयुष्य याच्यावर अवलंबून आहे.