मंडनमिश्रांच्या दारातला सर्व्हर

माहिष्मतीत मंडनमिश्रांचं घर कुठे, असं शंकराचार्यांनी पाण्याला निघालेल्या दासींना विचारलं, तेव्हा मिळालेला पत्ता मोठा मासलेवाईक होता. ज्या दारात टांगलेल्या पिंजऱ्यांतले राघू ‘प्रामाण्य स्वतः की परतः’ असा वाद घालताना ऐकू येतील, तेच मंडनमिश्रांचं घर. ही शंकरदिग्विजयातली आख्यायिका. इतिहास म्हणून तिच्यावर भिस्त ठेवण्याचं कारण नाही, पण वाद मात्र खरा होता आणि मीमांसा आणि न्याय या दोन दर्शनांचे पंडित, म्हणजे मीमांसक आणि नैयायिक, त्यावर शतकानुशतकं भांडले. एखादं ज्ञान खरं आहे, हे त्या ज्ञानाबरोबरच कळतं की बाहेरून पडताळून घ्यावं लागतं? मीमांसकांचं म्हणणं, बरोबरच कळतं. खोटं ठरवायला मात्र बाहेरचं कारण लागतं. नैयायिकांचं म्हणणं, खरं काय आणि खोटं काय, दोन्ही बाहेरूनच ठरतं.

२०२० च्या जुलैअखेरीस हाच वाद जगभरच्या सर्व्हर-खोल्यांत पुन्हा उभा राहिला. तिथल्या मंडळींना तो या नावाने ओळखीचा नव्हता, एवढंच.

२९ जुलैला ‘बूटहोल’ नावाची एक त्रुटी जाहीर झाली. ती होती ‘ग्रब’मध्ये, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. आजचं यंत्र चालू होताना एक साखळी हलते. आधी फर्मवेअर जागं होतं. ते ‘शिम’ नावाच्या एका लहानशा प्रोग्रॅमची डिजिटल सही तपासतं, शिम ग्रबची सही तपासतो, आणि ग्रब कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आणतो तेव्हा त्याचीही सही पाहिली जाते. सिक्युअर बूट म्हणतात ते हेच. गोची अशी होती, की ग्रब ज्या फाइलमधून स्वतःच्या सेटिंग वाचतो ती साधी मजकुराची फाइल असते आणि तिच्यावर बहुधा सहीच नसते. ती मुद्दाम वेडीवाकडी लिहून ठेवली, की ग्रबच्या मेमरीत शिरकाव करता येत होता. दारोदार ओळखपत्रं तपासणाऱ्या पहारेकऱ्याने हातात आलेली चिठ्ठी मात्र डोळे मिटून अमलात आणावी, तसला प्रकार.

रेड हॅटने तातडीने दुरुस्ती पाठवली. ती बसवून रीबूट केलेली रेड हॅट आणि सेंटओएसची कित्येक यंत्रं उठलीच नाहीत. दोष शिमच्या नव्या आवृत्तीत निघाला. नवी पॅकेजेस येईपर्यंत ही दुरुस्ती बसवू नका, असं कंपनीला ग्राहकांना सांगावं लागलं. भरवशाची साखळी मजबूत करायला आलेल्या कडीनेच ती तोडली होती.

वरवर पाहता सिक्युअर बूट अस्सल नैयायिक आहे: आधीच्याने तपासल्याशिवाय पुढच्याला पाऊल टाकू द्यायचं नाही. पण मग पहिल्याला कोणी तपासलं? या मार्गाने मागे मागे जात राहिलं की अनवस्था, म्हणजे कुठे थांबायलाच जागा नाही. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’त प्रमाणवाद्यांना नेमकं इथेच गाठलं. प्रमाणांना दुसरी प्रमाणं लागत असतील तर शेवट नाही, आणि लागत नसतील तर बाकी सगळ्याला ती का लागावीत? दिवा दुसऱ्यांबरोबर स्वतःलाही उजळतो, या दाखल्यावर त्याचा टोला असा, की दिव्यात अंधार होताच कधी, तो उजळायला?

यंत्र बनवणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, ते बोर्डवर ठोकून बसवलं. फर्मवेअरमध्ये काही चाव्या कारखान्यातच घातलेल्या असतात आणि यंत्र त्यांना प्रश्न विचारत नाही. वरपासून खालपर्यंत नैयायिक, तळाशी मात्र मीमांसक. शिवाय हे स्वतःप्रामाण्य मुदतीचं आहे. बहुसंख्य पीसी आणि सर्व्हरमधली मायक्रोसॉफ्टची प्रमाणपत्रं २०११ ची असून त्यांची मुदत २०२६ च्या जूनपासून संपू लागते. त्या दिवशी यंत्रं बंद पडणार नाहीत, पण नव्या चावीने सही केलेलं काही आलं तर नवी चावी न घातलेलं जुनं फर्मवेअर ते ओळखणार नाही. प्रमाणाला एक्स्पायरी डेट असू शकते, हे मीमांसक कुमारिल भट्टांना पटवणं जड गेलं असतं.

अपग्रेडनंतर सर्व्हर न उठण्याची एक नेहमीची तऱ्हा मात्र याहून साधी आहे. पडद्यावर कर्नल पॅनिक येतं आणि रूट फाइल सिस्टीम माउंट करता येत नाही, असा निरोप मिळतो. मामला असा, की डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर ठेवलेला त्याच डिस्कवर. तर्कशास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. तिथे तो वाद हरायला पुरतो. इथे तो रोज यंत्र चालू करताना समोर येतो, म्हणून त्यावर तोड काढावी लागली. गरजेपुरते ड्रायव्हर असलेली ‘इनिटरॅमएफएस’ नावाची लहानशी तात्पुरती फाइल सिस्टीम बूट लोडर आधीच मेमरीत आणून ठेवतो, ती खऱ्या डिस्कची वाट उघडते आणि बाजूला होते. अपग्रेड चालू असताना बूटचं पार्टिशन भरलं आणि ही फाइल अर्धवट बनली किंवा बनलीच नाही, की तो दोष जसाच्या तसा परत येतो.

आता सुटका कशी? आतून नाहीच. न उठलेलं यंत्र स्वतःला दुरुस्त करू शकत नाही, म्हणून पेनड्राइव्हवरून दुसरी, धडधाकट सिस्टीम सुरू करतात, तिच्यातून बिघडलेल्या सर्व्हरची डिस्क माउंट करतात आणि ‘चरूट’ या आज्ञेने आत शिरतात. त्यानंतर दिसतं ते सगळं जुन्या सर्व्हरचं असतं: त्याच्या फाइली, त्याची पॅकेजेस, त्याचे युजर. खाली चालणारा कर्नल तेवढा पेनड्राइव्हवरचा. मंडनमिश्रांच्या पत्नीच्या प्रश्नांची उत्तरं शोधायला शंकराचार्य अमरुक राजाच्या मृतदेहात शिरले, असं तीच आख्यायिका पुढे सांगते. त्या परकायाप्रवेशातली सगळी मौज इथेही आहे आणि धोकाही. इनिटरॅमएफएस नव्याने बनवणारं ‘ड्रॅकट’ हे साधन आवृत्ती सांगितली नाही तर ‘सध्या कोणता कर्नल चालू आहे’ असं विचारतं. चरूटमध्ये त्याला उत्तर मिळतं ते पाहुण्या कर्नलचं. मग औषध तयार होतं, पण भलत्याच देहासाठी. म्हणून मुरलेला ॲडमिन कर्नलची आवृत्ती स्वतः टंकतो. ‘मी कोण’ हा प्रश्न यंत्राला अशा अवस्थेत विचारू नये, हे त्याला अनुभवाने कळलेलं असतं.

पण ही पेनड्राइव्ह तरी विश्वासाची कशावरून? ही शंका पोरकट नाही. युनिक्सच्या जनकांपैकी एक असलेल्या केन थॉम्प्सनने ट्युरिंग पुरस्काराच्या वेळी केलेलं भाषण १९८४ मध्ये छापून आलं. त्यात त्याने दाखवलं, की कंपायलरमध्ये अशी लबाडी पेरता येते, की तो लॉगिनच्या प्रोग्रॅममध्ये गुपचूप चोरवाट टाकेल आणि स्वतःची पुढची आवृत्ती बनवताना तीच लबाडी तिच्यातही उतरवेल. मूळ कोड वाचणाऱ्याला त्यात काहीही वावगं सापडणार नाही. स्वतः न लिहिलेल्या कोणत्याही कोडवर पुरता भरवसा टाकता येत नाही, हा त्याचा निष्कर्ष.

बाराव्या शतकातला श्रीहर्ष हे ऐकून खूश झाला असता. ‘खंडनखंडखाद्य’ हा त्याचा ग्रंथ म्हणजे नैयायिकांच्या प्रत्येक आधाराखालची जमीन काढून घेण्याचा उद्योग. त्याच्या आधी, दहाव्या शतकात, मिथिलेच्या उदयनाचार्यांनी शंकेला एक हद्द घालून दिली होती: स्वतःच्याच वागण्याशी विसंगत होईपर्यंत शंका चालेल, त्यापुढे नाही. धुराला विस्तव लागतो की नाही अशी शंका काढणाराही धूर हवा असला की विस्तवच पेटवतो. श्रीहर्षाने उदयनांचाच श्लोक फिरवून त्यांच्यावर उलटवला, आणि निव्वळ वादाच्या आखाड्यात तो बहुधा वरचढ ठरतो. सर्व्हर-खोलीत मात्र पारडं उदयनांकडे झुकतं. थॉम्प्सनचा दाखला देणारा ॲडमिनही रात्री सर्व्हर पडला की पेनड्राइव्हच शोधतो. ही तडजोड आहे हे त्याला ठाऊक असतं, आणि त्यात कमीपणा नाही. उलट शंका चोख वापरली की ती कामाला येते. ‘गिक्स’ या लिनक्स प्रणालीच्या मंडळींनी २०२३ मध्ये सगळा पसारा अवघ्या ३५७ बाइटच्या बीजातून उभा करून दाखवला. ते बीज माणसाने डोळ्यांनी वाचून तपासावं एवढं लहान आहे. अनवस्था मिटली नाही, पण तळाचा विश्वास तळहातावर मावेल इतका झाला.

नैयायिकांची खरी कसोटी होती प्रवृत्तिसामर्थ्य: पाणी दिसलं, जवळ गेलात, प्यायलात, तहान भागली, तर ते ज्ञान खरं. नाहीतर मृगजळ. ही कसोटी आता लिनक्सच्या बूट यंत्रणेत चक्क लिहून ठेवलेली आहे. लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या ‘सिस्टमडी’च्या व्यवस्थेत नव्या कर्नलच्या फाइलच्या नावापुढे एक आकडा लावता येतो, समजा ३. तेवढ्या संधी त्याला मिळतात. प्रत्येक प्रयत्नाला आकडा घटतो, संपला की जुना कर्नल पुढे येतो. बूट तडीस गेलं, तर ‘ब्लेस-बूट’ नावाची सेवा तो आकडा पुसून कर्नलला आशीर्वाद देते. तोवर तो संशयितच.

मात्र तहान भागली असं कधी म्हणायचं, हे यंत्र ठरवत नाही. आशीर्वादाआधी कोणकोणत्या गोष्टी सुरळीत व्हायला हव्यात, ती यादी ॲडमिनने करायची असते. एखादी सेवा कोसळली आहे का, हे पाहणारी तयार तपासणी सिस्टमडीबरोबर येते, पण ती मुळात बंद ठेवलेली असते. त्यामुळे डेटाबेस सुरूच झालेला नाही, आणि तरीही कर्नलला आशीर्वाद मिळालेला आहे, असा सर्व्हर या व्यवस्थेत सहज बसतो. स्क्रीनवर लॉगिनची ओळ दिसते, आणि ग्राहकांचे फोन चालूच राहतात.