गणवेश उतरल्यानंतर

आपल्या धर्मविचारात दान आणि ऋण यांत मोठे अंतर मानले आहे. दान देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते. ऋण फेडणे हे कर्तव्य असते. दानाने पुण्य लाभते. ऋण फेडल्याने मनुष्य केवळ मोकळा होतो, त्यात मिरविण्यासारखे काही नसते. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण आपणांस ठाऊक आहेतच. जो सैनिक आपल्या वतीने सीमेवर उभा राहिला, त्याचे ऋणही याच पंक्तीतले होय. तो घरी परतल्यावर त्याला आपण जे देतो ते दान की ऋणाची फेड, हा खरा प्रश्न आहे. ज्या समाजांना पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवले गेले, त्यांतून आलेल्या सैनिकाच्या बाबतीत तो अधिकच टोचतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. १८९४ च्या सुमारास ते निवृत्त झाले व पुढे साताऱ्यास राहिले. छावणीत त्यांच्या हुद्द्याला मान होता. साताऱ्यात त्यांच्या मुलांना शाळेत निराळ्या गोणपाटावर बसावे लागले, आणि पैसे देण्याची ऐपत असूनही त्यांचे केस कापावयास न्हावी मिळेना. ते काम थोरल्या बहिणीने केले. सुभेदारांचे निवृत्तिवेतन चालू होते. म्हणजे सरकारने आपला हिशेब चुकता केला होता; समाजाने केला नव्हता.

हा विषय आपल्या गावाबाहेरचा नव्हे. १९१७ साली उभी केलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली; पुढे महार रेजिमेंटची पहिली बटालियन ऑक्टोबर १९४१ मध्ये उभी राहिली ती या बेळगावातच. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र तर १९२२ पासून येथे आहे.

कोणी म्हणेल, आता पुनर्वसन महासंचालनालय आहे, जिल्हा सैनिक मंडळे आहेत, राखीव जागा आहेत. आपण आणखी काय करावयाचे? ही व्यवस्था उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु जवान बहुधा पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो, तेव्हा त्याची मुले शाळेत असतात. २०२२ च्या अग्निपथ योजनेच्या मूळ नियमानुसार तर चार वर्षांनंतर फार तर चौथा हिस्सा सैन्यात राहतो. बाकीचे तरुण वयातच परततात. ज्याच्या घरी जमीन आहे, ज्याचा मामा व्यापारी आहे, त्याचे निभावते. ज्याला जमीन नाही आणि कचेरीत शब्द टाकणारा आप्त नाही, त्याने काय करावे? आपल्या कुटुंबांत नोकरी अनेकदा अशा शब्दावरच मिळत आली आहे, हे आपण मनाशी तरी मान्य करू.

दुसरा आक्षेप असा की, सैनिक सारे सारखेच. मग त्यांच्यात भेद कशाला? ऋण सर्वांचे सारखेच आहे. परंतु ज्याच्या वाटेत समाजानेच काटे पेरले, त्याची वाट साफ करण्याचा भार समाजावर अधिक पडतो. याला पक्षपात म्हणता येणार नाही. ही थकलेली बाकी आहे.

पलटणीत ज्याने बिनतारी यंत्रे सांभाळली, भांडाराचे हिशेब राखले, वीसपंचवीस माणसांना शिस्तीने कामास लावले, त्याला आपण बहुधा पहारेकऱ्याची खुर्ची देऊ करतो. पहाऱ्याचे काम हलके नव्हे. परंतु दुसरे काही आपल्याला सुचूच नये, हे लाजिरवाणे आहे. ज्यांना एके काळी देवळाच्या दाराबाहेर थांबावे लागले, त्यांच्या वंशजांना आज केवळ दार राखावयास उभे करणे, एवढ्याने बाकी फिटत नाही.

७ डिसेंबरच्या ध्वजदिनी निधी द्यावा, सत्कारही करावा. पण ज्या सभासदांची दुकाने, कारखाने वा पेढ्या आहेत, त्यांनी परतलेल्या सैनिकाला आडनाव व गाव विचारण्याआधी, त्याने सैन्यात कोणते काम केले हे विचारावे, आणि त्याच्यासाठी आपला शब्द खर्च करावा. मंदिराच्या हिशेबाला, अन्नदानाच्या व्यवस्थेला आणि कार्यकारी मंडळालाही अशी माणसे हवीच आहेत. तेथे त्यांना बसविताना आपण काही उपकार करीत आहोत असे मात्र कोणी मानू नये.