खाडा आणि हक्काची रजा

परदेशातल्या नोकरीचं ऑफर लेटर आलं की घरात पहिला हिशेब युरोचा होतो. पगाराला आजच्या दराने गुणायचं, त्यातून घरभाडं वजा करायचं, शैक्षणिक कर्जाचा हप्ता वजा करायचा आणि उरलेल्या आकड्याकडे समाधानाने पाहायचं. रजेचं कलम आतल्या कुठल्या तरी पानावर असतं आणि ते वाचायची घाई कुणालाच नसते. पुण्याच्या बिबवेवाडीत हा हिशेब करणारी घरं आता थोडी नाहीत. अप्पर इंदिरानगरला व्हीआयटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तिथून शिकून जर्मनीची वाट धरणारे आहेत. शिवाय २०२४ साली महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून परिचारिका, वाहनचालक, इलेक्ट्रिशियन यांच्या घरांतही जर्मन शिकवण्यांची चर्चा पोचली आहे. रजेचं ते कलम नीट वाचायला हवं, आणि ते केवळ जाणाऱ्याच्या सोयीसाठी नव्हे, असं मला या आठवड्यात मांडायचं आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. जर्मनीचा रजेचा कायदा १९६३ सालचा आहे. त्यात किमान रजा २४ दिवस लिहिली आहे, पण ती सहा दिवसांच्या आठवड्याच्या हिशेबाने. पाच दिवसांचा आठवडा असेल तर ती २० दिवस भरते. थोडक्यात, भरपगारी चार आठवडे. करारात पुष्कळदा याहून जास्त दिवस मिळतात, पण याच्या खाली कुणाला जाता येत नाही. सार्वजनिक सुट्ट्या वेगळ्या, त्या बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये वर्षाला बारा. नव्याने रुजू होणाऱ्याला एक मेख मात्र माहीत हवी. पूर्ण वर्षाच्या रजेचा हक्क सहा महिन्यांच्या नोकरीनंतर लागू होतो. तोवर भरलेल्या प्रत्येक महिन्यामागे वार्षिक रजेचा बारावा हिस्सा. म्हणजे १ सप्टेंबरला रुजू झालेल्या माणसाला त्या वर्षाअखेरपर्यंत कायद्याने वर्षाच्या रजेचा तिसरा हिस्सा मिळतो. पाच दिवसांच्या आठवड्यात तो भरतो पावणेसातच्या आत, पण अर्धा किंवा त्याहून मोठा अपूर्णांक पूर्ण धरायचा असल्याने सात दिवस. सात दिवसांत दिवाळीला घरी येऊन जाता येईल, बहिणीचं लग्न पार पाडून जायचं तर ओढाताण होईल. आजारपणाचा हिशेब निराळा आहे. नोकरीला चार आठवडे झाले की आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत मालकच पूर्ण पगार देतो. रजेवर असताना ताप आला आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र दिलं, तर तापाचे दिवस रजेतून कापले जात नाहीत. आपल्याकडे सुट्टीत आजारी पडणाऱ्याला सगळे हळहळत सांगतात की बिचाऱ्याची रजा वाया गेली; तिथे ती शिल्लक राहते.

सगळं जग असं चालत नाही, हेही जाणाऱ्याने ओळखून असावं. अमेरिकेच्या संघीय कायद्यात भरपगारी रजेचा एक दिवसही नाही. जे आहे ते कराराच्या कागदावर. संयुक्त अरब अमिरातीत वर्ष भरलं की तीस दिवस. जपानमध्ये सहा महिन्यांनी दहा दिवस मिळतात, पण तिथे लोक रजा घेतच नव्हते. शेवटी एप्रिल २०१९ पासून वर्षातले किमान पाच दिवस तरी कामगाराला रजेवर पाठवलंच पाहिजे, अशी सक्ती सरकारने मालकांवर केली.

ही सक्ती मालकावर आहे, हे लक्षात घ्या. माझ्या दृष्टीने या विषयाचा गाभा तिथेच आहे. ६ नोव्हेंबर २०१८ रोजी युरोपीय न्यायालयाने जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या एका माजी संशोधकाच्या प्रकरणात निकाल दिला. त्याने रजा घेतली नव्हती आणि नोकरी संपल्यावर तिचे पैसे मागितले होते. मागितली नाही म्हणून रजा बुडाली, असा सरळ हिशेब न्यायालयाने मान्य केला नाही. तुझी इतकी रजा शिल्लक आहे, ती घे, नाहीतर ती जाईल, असं मालकाने वेळेत आणि स्पष्टपणे सांगितलं होतं का, हे आधी पाहायचं. आणि सांगितल्याचं सिद्ध करायचं तेही मालकानेच. याच्या चार वर्षं आधी याच न्यायालयाने म्हटलं होतं की कामगार मरण पावला तरी त्याच्या न घेतलेल्या रजेचा मोबदला बुडत नाही. अर्ज करायचा, साहेबांचा मूड पाहायचा आणि मंजुरीची वाट पाहायची, या शिस्तीत वाढलेल्या माणसाला हे उलटंच वाटेल. आपल्याकडे रजेचं ओझं मागणाऱ्याच्या खांद्यावर असतं. तिथल्या कायद्याने ते बरंचसं देणाऱ्याच्या खांद्यावर ठेवलं आहे.

यावर वडीलधारी मंडळी म्हणतील की नव्या देशात, नव्या नोकरीत आल्या आल्या रजेचं नाव काढू नये. आधी कामाने जागा मिळवावी. या म्हणण्यात व्यवहार आहे, आणि रुजू झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात तीन आठवड्यांची रजा मागू नये हेही खरं. पण रजा किती आहे हे माहीत असणं आणि ती लगेच मागणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शिवाय मालकाला खूश करण्यासाठी आपली रजा सोडून देणारा नवखा फक्त स्वतःची रजा सोडत नाही. उद्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने रजा मागितली की त्याला या नवख्याचं उदाहरण दाखवलं जातं. परदेशी कामगार आमचे हक्क स्वस्त करतात, अशी तक्रार यजमान देशातले कामगार करतात. पुष्कळदा ती द्वेषातून येते. या बाबतीत मात्र तिला आधार मिळतो, आणि तो आपण पुरवू नये.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कर्ज डोक्यावर असताना फिरायला जाण्याची हौस कुणाला? रजा नको, तिचे पैसे द्या, असं एखाद्या तरुणाने म्हटलं तर त्याला नैतिकतेचे धडे कुणी द्यावेत? इथे रजेचं रोखीकरण सर्रास चालतं. युरोपात मात्र किमान चार आठवड्यांची रजा नोकरी चालू असताना विकता येत नाही; नोकरी संपली तरच उरलेल्या दिवसांचे पैसे मिळतात. कमावत्या, सज्ञान माणसाला स्वतःचे दिवस विकायला बंदी करणं हा आगाऊपणा वाटेल. पण रजा विकता आली तर ती कोण विकेल? ज्याला गरज जास्त तोच, आणि दरवर्षी. मग चार आठवड्यांची विश्रांती फक्त सुस्थितीतल्यांची उरेल. या बंदीने काही कर्जं उशिरा फिटत असतील, हे मी नाकारत नाही. ती किंमत मला परवडणारी वाटते.

हे सगळं युरोपचं कौतुक आहे, असं कुणाला वाटत असेल तर आपलाच इतिहास उघडून पाहावा. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंड्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर, १८९० साली. कारखाना कामगारांना भरपगारी रजा देणारी दुरुस्ती १९४५ ची, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस दिला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही हाच दर आहे, वर आठ नैमित्तिक रजा आणि सणांच्या आठ भरपगारी सुट्ट्या. मात्र हा कायदा झाला तेव्हा दहापेक्षा कमी माणसं असलेली दुकानं या तरतुदींच्या बाहेर राहिली, आणि घर ही तर आस्थापनाच नाही.

आता जर्मनीतल्या त्या रजेच्या कायद्याकडे परत जाऊ. तो कायदा घरकाम करणाऱ्या बाईलाही लागू आहे. श्टुटगार्टमध्ये आठवड्यातून दोन दिवस साफसफाईला येणाऱ्या बाईला वर्षाला आठ दिवस भरपगारी रजा द्यावी लागते, मग तिचा मालक जर्मन असो की बिबवेवाडीहून गेलेलं मराठी जोडपं. हेच जोडपं इथे असताना काय करतं? कालनिर्णयवर खाडे मांडतं. दोन खाडे माफ, तिसऱ्यापासून पैसे कापायचे, आणि ते दोन माफ केले याचं थोडं कौतुकही करून घ्यायचं. बिबवेवाडीत कामगार विम्याचं मोठं रुग्णालय आहे. विमा असलेल्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या सत्तर टक्के भत्ता मिळतो. त्याच रस्त्याने कामाला जाणारी मोलकरीण मात्र त्या विम्यातही नाही. तिच्यासाठी महाराष्ट्रात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे. भरपगारी वार्षिक रजा त्यातून मिळत नाही. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली, आणि इतक्या वर्षांनंतरही आपल्या सोसायट्यांत सुट्टीचा निकाल मालकिणीच्या स्वभावावर लागतो.

ती पाच घरी काम करते, मग तिची रजा कुणी द्यायची, हा प्रश्न लगेच येतो आणि तो विचारणारे सगळेच कंजूष नसतात. त्याचं उत्तर बिबवेवाडीच्या वेशीवर आहे. मार्केट यार्डातला हमाल एका व्यापाऱ्याचा नोकर नसतो; सकाळी एकाच्या गाळ्यावर, दुपारी दुसऱ्याच्या. तरी १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळ नेमलं, व्यापाऱ्यांकडून मजुरीवर लेव्ही घेतली आणि त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, बोनस आणि रजेचा पगार दिला. यामागे बाबा आढावांच्या हमाल पंचायतीसारख्या संघटनांची मोठी लढाई होती, आणि हा कायदा पातळ करण्याचे प्रयत्न थांबलेले नाहीत हेही खरं. पण अनेक मालक असले म्हणजे रजा देताच येत नाही, असं निदान मार्केट यार्डाशेजारी राहणाऱ्याने तरी म्हणू नये. पाचही घरांनी आपापल्या वाट्याचे दिवस दिले की काम भागतं, मंडळ येईपर्यंत थांबायची गरज नाही.

हिशेब सोपा आहे. आठवड्याला सहा दिवस येणारी बाई वर्षाला सुमारे तीनशे दिवस काम करते. दर वीस दिवसांमागे एक, या आपल्याच राज्याच्या दराने तिचे पंधरा दिवस होतात. जर्मनीच्या दराने चोवीस. मुलाचा किंवा मुलीचा परदेशी करार वाचायला बसाल तेव्हा रजेचं कलम दोनदा वाचा, सहा महिन्यांची अट पाहा, उरलेल्या रजेचं पुढच्या वर्षी काय होतं ते लेखी विचारून घ्या. आणि त्याच बैठकीत घरी येणाऱ्या बाईंना त्यांचे रजेचे दिवस किती आणि ते कधी घ्यायचे, हे आपण होऊन सांगा. त्यांनी मागेपर्यंत थांबू नका.