खुणेवरून कारणाकडे

न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. धुरावरून अग्नी ओळखणे हे अनुमानाचे रूढ उदाहरण. मात्र एकच खूण अनेक कारणांशी जुळत असेल, तर तिच्यावरून एक कारण ठरवणे हा ‘सव्यभिचार’ नावाचा हेत्वाभास, म्हणजे अनुमानातला दोष, होतो.

जुन्या मोटरसायकलच्या चार्जिंगमधील बिघाड शोधताना हा हेत्वाभास नेमका घडतो. बॅटरी उतरलेली दिसते, म्हणून नवी बसवली जाते. आठवड्यात तीही उतरते. खूण खरी असते, निष्कर्ष चुकतो.

म्हणून क्रम पाळावा लागतो. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिनाचा वेग वाढवल्यावर आकडा १४ च्या आसपास गेला, तर चार्जिंग ठीक असते. १५ च्या वर गेला, तर संशय व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरवर जातो. आकडा वाढलाच नाही, तर वीज निर्माण करणाऱ्या स्टेटरचा कपलर (वायरींचा जोड) सोडून त्याच्या तीन वायरींपैकी दोन-दोन वायरींमधले एसी व्होल्टेज मोजतात. तिन्ही जोड्यांत ते पुरेसे व सारखे असेल आणि कोणतीही वायर बॉडीला लागत नसेल, तर स्टेटर निर्दोष ठरतो. मग एसीचे डीसी करणारा रेक्टिफायर आणि जोडण्या तपासतात. पुष्कळदा कपलरचे प्लास्टिकच तपकिरी पडून वितळलेले सापडते.

सापडलेले कारण खरे की नाही, हे ठरवायलाही न्यायाची कसोटी आहे: कारण असताना कार्य असणे हा अन्वय, कारण नसताना कार्य नसणे हा व्यतिरेक. जळका कपलर बदलताच आकडा १४ वर स्थिरावला, की दोन्ही अटी पुऱ्या होतात आणि संशयाची जागा निर्णय घेतो.